आई-बाबांसोबत पहिला परदेश प्रवास : काही बिघडलं तर काय, याची तयारी कशी करावी?

सांजवारा

नमस्कार मंडळी,

येत्या सहा-सात महिन्यांत आई-बाबांना घेऊन पंधरा दिवस परदेशात जायचं ठरतंय. इटली-स्वित्झर्लंड की जपान, एवढं अजून पक्कं व्हायचंय. बाबा ६९ वर्षांचे, आई ६५. दोघंही हिंडते-फिरते आहेत, पण बाबांना मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं आणि आईला रक्तदाबाची गोळी सुरू आहे. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. मी कामानिमित्त तीनदा जाऊन आले आहे, पण तेव्हा सगळी व्यवस्था ऑफिसने केलेली होती आणि सांभाळायचं होतं ते फक्त स्वतःला.

काय बघावं, कुठे राहावं याची माहिती मिळते आहे. मला विचारायचंय ते वेगळं. मध्येच कुणी आजारी पडलं, पासपोर्ट हरवला, गर्दीत चुकामूक झाली, तर त्यासाठी आधीपासून काय करून ठेवायचं? तुम्ही केलेलं आणि खरोखर उपयोगी पडलेलं सांगा.

आतापर्यंत मी केलेलं असं : तिघांचे पासपोर्ट, विमा, तिकिटं, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं माझ्या फोनमध्ये एका फोल्डरात ठेवलंय. खर्च माझ्या कार्डावरून होणार. आई-बाबांनी कशाचीही काळजी करू नये, त्यांनी फक्त आनंदाने फिरावं, असं मनात आहे.

पायपीट

अभिनंदन! सुरुवात पासपोर्टच्या तारखेपासून करा. पुष्कळ देशांना पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून पुढे सहा महिने वैध लागतो. शेंगेन देशांचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा गट, इटली-स्वित्झर्लंड त्यातच) नियम थोडा वेगळा आहे : तिथून निघण्याच्या दिवसानंतर किमान तीन महिने वैध हवा आणि तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. दोन कोरी पानंही हवीत. आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळतंय का, ते आजच बघा. वडिलांचं नाव, आडनाव यांचा क्रम बदललेला असेल तर विमानतळावर फार मनस्ताप होतो.

गिरकी

इटली-स्वित्झर्लंड ठरलं तर व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. पण ती रक्कम व्हिसा मिळण्यापुरती आहे असं समजा. दोन ज्येष्ठ नागरिक सोबत आहेत, जास्त रकमेचा घ्या.

चांदणवेल

सांजवारा ताई, तुमचा हेतू फार चांगला आहे, पण 'सगळं माझ्या फोनमध्ये' हे वाचून मला राहवलं नाही. माझा अनुभव सांगते.

आम्ही दोघं आणि सासूबाई असे गेलो होतो. सगळी कागदपत्रं माझ्या फोनमध्ये, अगदी तुमच्यासारखीच नीट फोल्डर करून. तिसऱ्या दिवशी मेट्रोत दाराजवळ उभी राहून नकाशा बघत होते. दार बंद होता होता एका मुलाने हातातून फोन ओढला आणि उडी मारून तो फलाटावर उतरला. गाडी सुटली. नवरा त्या दिवशी वेगळ्या ठिकाणी गेला होता. त्याचा नंबर मला पाठ नव्हता. हॉटेलचं नाव अर्धवट आठवत होतं, त्याच नावाची त्या शहरात तीन हॉटेलं होती. आणि सासूबाई सारख्या विचारत होत्या, "आता आपण कुठे जायचं गं?" मला उत्तर देता येत नव्हतं.

पुढचे तीन तास कसे गेले ते लिहीत नाही. शेवटी उपयोगी पडलं काय, तर सासूबाईंच्या पर्समध्ये हॉटेलच्या खोलीच्या किल्लीचं कागदी पाकीट होतं, त्यावर पत्ता छापलेला होता. त्यांनी ते टाकून दिलं नव्हतं, एवढंच आमचं नशीब.

सांजवारा

बापरे, चांदणवेल. वाचताना पोटात गोळा आला. पण मी फोल्डरची प्रत क्लाउडवरही ठेवली आहे. फोन गेला तरी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून उघडता येईल ना?

तळटीप

नेमकं इथेच अडतं. अनोळखी फोनवरून खातं उघडायला गेलात की पासवर्डनंतर सहा आकडी कोड मागतात. तो कोड येतो चोरीला गेलेल्या फोनवर. बँकेचंही तेच, ओटीपी त्याच सिमवर. म्हणजे एक फोन गेला की कागदपत्रं, पैसे, संपर्क, नकाशा, सगळं एकदम जातं. मी या क्षेत्रातच काम करतो म्हणून तीन गोष्टी कळकळीने सांगतो.

बहुतेक ईमेल सेवा दुसऱ्या टप्प्यासाठी एकदाच वापरायचे राखीव कोड देतात. ते घरीच काढा, कागदावर उतरवा आणि तो कागद फोनपासून लांब ठेवा. पासवर्ड मात्र त्याच कागदावर लिहू नका.

*#०६# दाबलं की फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. तो लिहून ठेवा, पोलिसांत तक्रार देताना आणि सिम कंपनीला कळवताना लागतो.

घरच्या नंबरचं सिम बंद करून बाजूला टाकू नका. तिकडे डेटासाठी ई-सिम (वेगळं कार्ड न घालता फोनमध्येच सुरू होणारं सिम) घ्या, पण ओटीपीसाठी मूळ नंबर रोमिंगवर जिवंत राहू द्या. आणि निघण्याआधी त्यावर रोमिंग सुरू आहे ना, हे कंपनीकडून पक्कं करून घ्या, कारण परदेशात पोचल्यावर ते सुरू करायलाही बऱ्याचदा ओटीपीच लागतो.

पायपीट

तळटीप, ई-सिमबद्दल एक भर. 'युरोप पॅक' म्हणून घेतलेल्या डेटामध्ये स्वित्झर्लंड आहे की नाही हे बघून घ्यावं. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे कित्येक पॅकमधून तो वगळलेला असतो.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे, त्यामुळे बाबांच्या आणि आईच्या औषधांबद्दल जरा सविस्तर लिहितो. तुमच्या बाबांचे डॉक्टर त्यांना ओळखतात, तेव्हा अंतिम शब्द त्यांचा.

इन्सुलिन सामानाच्या मोठ्या बॅगेत कधीही टाकू नका. एक तर बॅग हरवू शकते, आणि दुसरं म्हणजे विमानाच्या पोटातल्या थंडीत ते गोठू शकतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही. न उघडलेल्या पेनांना २ ते ८ अंश तापमान लागतं, वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, उन्हात किंवा गाडीच्या काचेजवळ मात्र नाही. बर्फाच्या पाकिटाला थेट चिकटवूनही ठेवू नका. हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला लागून ठेवलं तर गोठल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

विमानात द्रवपदार्थांची १०० मिलिलिटरची मर्यादा असते, औषधांना त्यातून सवलत मिळते, पण ती सुरक्षा तपासणीत आधी सांगून दाखवावी लागतात. त्यासाठी डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र हवं : आजाराचं नाव, औषधाचं मूळ रासायनिक नाव, मात्रा, आणि सुया सोबत का आहेत. कंपनीचं नाव लिहून भागत नाही. एकच औषध प्रत्येक देशात वेगळ्या नावाने विकलं जातं.

गरजेच्या दीडपट ते दुप्पट औषधं घ्या आणि ती दोन हातपिशव्यांत विभागा, एक बाबांकडे, एक तुमच्याकडे. गोळ्या मूळ वेष्टनातच असू द्या. आठवड्याच्या डबीत आधीच भरून नेल्या तर त्या कसल्या, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.

जपान ठरलं तर पूर्वेकडे जाताना दिवस लहान होतो, युरोपला जाताना लांबतो. इन्सुलिनच्या वेळा त्या दिवशी कशा घ्यायच्या याचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या, तोंडी नको. आणि रक्तातली साखर एकदम खाली आली तर काय करायचं हे आईलाही ठाऊक असायला हवं, फक्त तुम्हाला नाही.

लांबच्या विमानप्रवासात, म्हणजे चार तासांपेक्षा जास्त, पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. दर तासा-दोन तासांनी उठून चार पावलं चाला, बसल्या जागी घोटे वर-खाली हलवा, पाणी पीत राहा.

रानजाई

डॉक्टरसाहेब, स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे ना? रेल्वेने थेट वर नेतात. माझ्या आत्याला तिथे गरगरायला लागलं होतं. रक्तदाबाच्या रुग्णाने जावं का?

नाडीपरीक्षा

रानजाई, चांगला प्रश्न. रक्तदाब औषधांनी आटोक्यात असेल तर बहुतेकांना काही तासांची भेट झेपते. पण रेल्वेने गेलं की शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. वर पोचल्यावर सावकाश चाला, जिने चढताना थांबा. डोकं दुखणं, मळमळ, चालताना तोल जाणं, असं काही झालं तर 'बसून बघू' म्हणत थांबू नका, पुढच्या गाडीने खाली या. हृदयविकार किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांशी आधी बोलूनच तिकीट काढा.

अनवट

जपानसाठी औषधांचा मुद्दा आणखी गंभीर आहे. तिथले नियम फार कडक आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं साधारण एक महिन्यापुरती विनापरवाना नेता येतात, त्याहून जास्त असतील तर आधी परवानगीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्याला 'युन्यू काकुनिन-शो' म्हणतात. पंधरा दिवसांची सहल असेल तर दुप्पट घेऊनही तुम्ही महिन्याच्या आतच राहता. इन्सुलिनची पेनंही एक महिन्याच्या मर्यादेत चालतात. पण अ‍ॅम्फेटामाइन असलेली औषधं चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, त्याचं प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर बंदी. खोकल्याच्या औषधातल्या कोडीनवरही निर्बंध आहेत. घरातली औषधांची पेटी आहे तशी उचलून नेऊ नका, एकेक वेष्टन वाचा.

आखाती देशांतून विमान बदलणार असाल तर हेच तिथेही लागू. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन आणि ट्रामाडोल (तीव्र वेदनाशामक) नियंत्रित औषधांत मोडतात.

कुंपण

मी जरा वेगळं मत मांडतो. एवढी तयारी करत बसलं तर फिरण्याची मजाच जाते. लाखो लोक दर वर्षी जातात आणि सुखरूप परत येतात. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवा, खिशात थोडी रोकड, एक कार्ड, बस. मी वीस वर्षं असाच फिरतो आहे.

चांदणवेल

कुंपण दादा, तुम्ही एकटे फिरता. एकट्या माणसाचं बिघडलं तर तो एकटाच धावतो. इथे तिघं आहेत आणि तिघांची माहिती एकीच्या डोक्यात आहे, म्हणून काळजी वाटते.

अनवट

पासपोर्ट तिजोरीत ठेवण्याबद्दल मात्र सरसकट सांगू नये, कुंपण. पर्यटकाने मूळ पासपोर्ट कायम जवळ बाळगावा असा जपानमध्ये कायदा आहे. पोलिसांनी मागितला आणि नसला तर दंड होऊ शकतो. फोनमधली प्रत त्यांना चालत नाही. इतर बऱ्याच ठिकाणी छायाप्रत जवळ आणि मूळ तिजोरीत, हे चालून जातं. देश बघून ठरवावं.

जवळ ठेवायचाच तर कपड्यांच्या आत कमरेला बांधायची पातळ पिशवी घ्या. ती रस्त्यात उघडायची नाही, दिवसाचे पैसे वेगळ्या खिशात.

कुंपण

जपानचा नियम मला माहीत नव्हता, अनवट. धन्यवाद, यंदा तिकडेच जायचा विचार होता. मूळ मतावर मात्र थोडा ठाम आहे : तयारी एका संध्याकाळीत उरकावी, सहा महिने तिचंच टेन्शन घेऊ नये.

झुळूक

पासपोर्ट हरवलाच तर काय, ते मी लिहिते, कारण माझा हरवला होता. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार आणि तिची लेखी प्रत. मग आपल्या दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात ती प्रत, जुन्या पासपोर्टची छायाप्रत, दोन-चार फोटो घेऊन जायचं. ते तात्पुरतं प्रवासपत्र देतात, बहुधा त्यावर फक्त मायदेशी परतता येतं. पुढचे देश रद्द झाले, पण घरी आले. माझ्याकडे पासपोर्टच्या पहिल्या आणि व्हिसाच्या पानाची कागदी छायाप्रत दुसऱ्या बॅगेत होती, त्यामुळे दोन दिवसांत काम झालं. माझ्या बरोबरच्या रांगेतल्या एका मुलाकडे काहीच नव्हतं, तो पाचव्या दिवशीही खेटे घालत होता.

दूतावास आपलं हॉस्पिटलचं बिल भरत नाही, आपल्याला कोठडीतून सोडवूनही आणत नाही. हे बऱ्याच लोकांना तिथे गेल्यावर कळतं. अटक झालीच तर आपल्या दूतावासाला कळवा असं म्हणण्याचा हक्क दूतावासांच्या कामाबद्दलच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ ने दिलेला आहे. तो स्पष्टपणे मागावा.

गिरकी

विम्याबद्दल पुन्हा लिहिते, कारण सगळे विमा काढतात आणि कागद कुणी वाचत नाही. बाबांचा मधुमेह अर्जात लिहिलाय का? आधीपासूनचा आजार लपवला आणि त्याच्याशी संबंधित काही झालं, तर दावा फेटाळतात. काही विम्यांत जुन्या आजारासाठी फक्त जीवघेण्या प्रसंगाचा खर्च मिळतो. ती ओळ शोधून वाचा. दारू प्यायल्यावर झालेला अपघात, विनापरवाना चालवलेली भाड्याची स्कूटर, हेही बहुतेक विमे वगळतात.

आणि दाखल करायची वेळ आली तर शक्य असेल तेव्हा आधी विमा कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन करायचा. कुठल्या हॉस्पिटलशी त्यांचा करार आहे ते तेच सांगतात. आमच्याकडून हा फोन दुसऱ्या दिवशी झाला आणि सगळी रक्कम आधी खिशातून भरावी लागली, परत मिळायला पाच महिने गेले. तो क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक तिघांकडेही हवा.

पायपीट

भाड्याच्या गाडीचा विषय निघालाच आहे तर : आंतरराष्ट्रीय वाहन परवाना दोन वेगवेगळ्या करारांखाली मिळतो, १९४९ चा जिनिव्हा आणि १९६८ चा व्हिएन्ना. जपान फक्त १९४९ चा मानतो. हातात कुठला आहे ते पुस्तिकेवर छापलेलं असतं.

रानजाई

अवांतर होतंय, पण स्कूटर भाड्याने देताना मूळ पासपोर्ट तारण मागतात, तो देऊ नये. परत करताना 'हा ओरखडा तुम्हीच पाडला' म्हणून अडवतात आणि पासपोर्ट त्यांच्या ताब्यात. समुद्रावरच्या जेट-स्कीचंही हेच. घेण्याआधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा.

सागरगोटा

अवांतरात माझीही भर. समुद्रावर गेलात तर लाल झेंडा असताना पाण्यात उतरू नका. आत ओढणारा प्रवाह लागला तर किनाऱ्याकडे जोर लावून पोहायचं नाही, दमछाक होते. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यायचं. माझा भाचा फक्त हे ऐकलेलं होतं म्हणून वाचला. शाळेत एका शिबिरात सांगितलं होतं त्याला.

आणि कुत्रा, माकड, वटवाघूळ, काहीही चावलं-ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, मग त्याच दिवशी रेबीजची लस. 'घरी गेल्यावर बघू' चालत नाही. लक्षणं दिसू लागल्यावर उपाय जवळपास नाहीच.

नाडीपरीक्षा

सागरगोटा यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. लसीचा विषय निघाला म्हणून : आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांसाठी पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. ते लस घेतल्यावर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नसतो. २०१६ पासून ते आयुष्यभर वैध आहे. सांजवारा, तुमच्या दोन्ही पर्यायांत याची गरज नाही.

आणखी एक, तरुण मुलं हा धागा वाचत असतील म्हणून. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंग इथे भेसळीच्या दारूतल्या मिथेनॉलने (विषारी अल्कोहोल) सहा पर्यटकांचा जीव गेला. मिथेनॉलला वेगळी चव-वास नसतो. आधी साधी नशा वाटते, बारा ते चोवीस तासांनी दृष्टी धूसर होते, डोळ्यांपुढे बर्फ पडल्यासारखं दिसतं, श्वास जोरात चालतो. त्यावर उतारा आहे, पण वेळेत हॉस्पिटल गाठावं लागतं. फुकट वाटलेले पेले, तुमच्यासमोर न उघडलेली बाटली, यांपासून लांब राहा.

झुळूक

पैशांबद्दल कुणीच लिहिलं नाही! दुकानात किंवा एटीएमवर कार्ड लावलं की यंत्र विचारतं, रक्कम तुमच्या चलनात हवी की इथल्या. नेहमी 'इथल्या' निवडा. आपल्या चलनात दाखवलेला दर ओळखीचा वाटतो, पण तो बराच महाग असतो. दोन वेगळ्या बँकांची कार्डं घ्या आणि दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा. एटीएम शक्यतो बँकेच्या आतलं, कामाच्या वेळेत. कार्ड अडकलं तर लगेच माणूस भेटतो.

साध्या वेशातला कुणी 'मी पोलीस, पाकीट दाखवा, खोट्या नोटा तपासतोय' म्हणाला तर पाकीट द्यायचं नाही. 'ठाण्यात चला, तिथे दाखवते' म्हणायचं.

सांजवारा (चार दिवसांनी)

सर्वांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले आणि आईला मोठ्याने वाचून दाखवले. चांदणवेलचा अनुभव ऐकून ती म्हणाली, "मग माझ्याकडे हॉटेलचा पत्ता का नाही?" मला उत्तर सुचलं नाही. मी त्यांची काळजी कमी करायला निघाले होते आणि त्यांच्या हातात काहीच ठेवलं नव्हतं.

जपान ठरलंय. आता प्रत्येकासाठी एक कागदी कार्ड करतेय. आजार, औषधांची मूळ नावं, रक्तगट, विम्याचा क्रमांक, माझा आणि भावाचा फोन, आणि रोजच्या हॉटेलचं नाव इंग्रजीत आणि जपानीत. अजून काय घालू? आणि चुकामूक झाली तर काय करायचं, यावर कुणी काही ठरवलं होतं का?

अनवट

जपान असेल तर कार्डावर हे घाला : रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९, पोलीस ११०. पर्यटकांसाठी तिथल्या पर्यटन संस्थेची चोवीस तासांची मदतवाहिनी आहे, ०५०-३८१६-२७८७, इंग्रजीत बोलता येतं. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छोट्या पोलीस चौक्या असतात, त्यांना 'कोबान' म्हणतात. चुकलेल्या माणसाने तिथे जाऊन कार्ड दाखवलं की पुढचं ते बघतात. आई-बाबांना हा एक शब्द नक्की शिकवा.

भूकंपाचा इशारा फोनवर मोठ्या कर्कश आवाजात येतो. पहिल्यांदा ऐकलं की माणूस दचकतो, म्हणून आधीच सांगून ठेवा. 'सेफ्टी टिप्स' नावाचं ॲप इंग्रजीत इशारे देतं. हलायला लागलं की आधी डोकं सांभाळून टेबलाखाली किंवा भिंतीपासून दूर, बाहेर पळत सुटायचं नाही. समुद्राजवळ असाल तर हादरा थांबताच उंच जागी.

चांदणवेल

चुकामुकीसाठी आम्ही आता असं करतो : चुकलेल्याने जिथे आहे तिथेच थांबायचं, बाकीच्यांनी मागे यायचं. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की भेट होतच नाही. रेल्वेत एकजण आत आणि बाकीचे फलाटावर राहिले, तर आतल्याने पुढच्या स्थानकावर उतरून फलाटावरच थांबायचं. सकाळी निघताना तिघांचा एक फोटोही काढतो. आज कुणी कुठल्या रंगाचे कपडे घातलेत, ते घाबरलेल्या माणसाला सांगता येत नाही.

तळटीप

पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकता येत नाही, जवळच ठेवावी लागते. १०० वॅट-तासांपर्यंत चालते, म्हणजे साधारण २७,००० एमएएच. जपानी विमान कंपन्यांनी जुलै २०२५ पासून ती डोक्यावरच्या कप्प्यात न ठेवता नजरेसमोर ठेवायला सांगितलं आहे. तिथली वीज १०० व्होल्टची आहे, तेव्हा चार्जरवर '१००-२४०' लिहिलंय का बघा.

पायपीट

सामान आलं नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा आणि क्रमांक घ्या. मॉन्ट्रियल करारानुसार (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या नुकसानभरपाईचा करार) बॅग फुटली-तुटली असेल तर मिळाल्यापासून सात दिवसांत, उशिरा आली असेल तर २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो. बॅगेचा आणि आतल्या सामानाचा फोटो निघतानाच काढा. तिघांचे कपडे तिन्ही बॅगांत थोडे थोडे भरा. एक बॅग राहिली तरी सगळ्यांकडे बदलायला एक जोड असतो.

कुंपण

सांजवारा ताई, परवा मी बायकोला माझ्या विम्याचा क्रमांक विचारला. तिला माहीत नव्हता, आणि तिला कुठे शोधायचा हेही मी कधी सांगितलं नव्हतं. काल बसून दोघांची कार्डं केली. तासाभराचं काम होतं.

सांजवारा (दोन आठवड्यांनी)

काल रविवारी आम्ही तालीम केली. घराजवळच्या मोठ्या रेल्वे स्थानकात मी मुद्दाम मागे राहिले. बाबा चाळीस पावलं पुढे जाऊन थांबले, आईने स्वतःच्या फोनवरून मला फोन लावला, आणि दोघंही जागचे हलले नाहीत. मग आईने कार्ड काढून हॉटेलचा पत्ता इंग्रजीत वाचून दाखवला. दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा जमला. एक कार्ड आता तिच्याकडे, दुसरं बाबांकडे. इन्सुलिनही विभागलं. बाबांची साखर उतरली तर काय करायचं, ते तिने माझ्याकडून वहीत लिहून घेतलं.

बाबांचा एक प्रश्न आहे, इथे विचारायला सांगितलाय : कार्डाला लॅमिनेशन करावं का?

नाडीपरीक्षा

करू नका. निघण्याआधी औषधाची मात्रा बदलली तर खोडून लिहिता यायला हवं. पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, गळ्यात अडकवायची दोरी लावून. आणि बाबांना सांगा, मागच्या बाजूला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का तेही लिहायचं, नसेल तर 'ॲलर्जी नाही' असं लिहायचं. कोरी जागा दिसली की डॉक्टरला ते पुन्हा विचारावंच लागतं.